सिस्प्लॅटिन डीएनए वाकवतं म्हणजे नेमकं काय करतं?

पाषाणवाली (मंगळवार, रात्री ९:४०)

सिस्प्लॅटिनच्या रेणूत कार्बनचा एकही अणू नाही. मधोमध प्लॅटिनमचा एक अणू, त्याच्या एका अंगाला दोन क्लोराइड आणि दुसऱ्या अंगाला दोन अमोनिया. सगळे मिळून ११ अणू. वृषण, अंडाशय, गर्भाशयमुख, तोंड-घसा, फुफ्फुस, मूत्राशय अशा कितीतरी कर्करोगांचे उपचार या एवढ्याशा सपाट, चौकोनी रेणूवर आणि त्याच्या दोन भावंडांवर (कार्बोप्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन) उभे आहेत.

डीएनए आणि प्रथिनांच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून त्यांची रचना शोधणं हे माझं काम. हल्ली नात्यात आणि सोसायटीत दोन-तीन घरांत केमो चालू आहे, त्यामुळे हा विषय सतत निघतो. केमो म्हणजे दिसेल ती पेशी जाळत सुटणारं विष, एवढीच कल्पना बहुतेकांच्या मनात असते. मग सलाइनच्या बाटल्या, लघवी मोजणं, दर वेळचं रक्त काढणं हा सगळा जाच वाटायला लागतो. प्रत्यक्षात हे औषध डीएनएला एका ठरावीक जागी धरतं आणि वाकवतं, आणि पेशीचं पुढे काय व्हायचं ते त्या वाकण्यावरून ठरतं. हे कळलं तर वॉर्डातल्या बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागतो. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडा इतिहास. हा पदार्थ १८४० च्या दशकात मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने बनवला. त्याची रचना कशी असावी हे आल्फ्रेड वेर्नरने १८९३ मध्ये मांडलं. औषध म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या क्षेत्राचा पेशींच्या विभाजनावर काय परिणाम होतो ते तपासत होता. ई. कोलाय जिवाणूंच्या माध्यमात त्याने प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बुडवले होते. प्लॅटिनम कशाशी अभिक्रिया करत नाही, म्हणून ते निवडलेलं. जिवाणू मेले नाहीत, पण दुभंगेचनात. नुसते लांबत गेले, नेहमीच्या ३०० पटींपर्यंत. वीज बंद करूनही तेच. शेवटी उलगडा झाला की इलेक्ट्रोडमधून प्लॅटिनम अगदी सूक्ष्म प्रमाणात सुटत होतं आणि माध्यमातल्या अमोनिया-क्लोराइडशी जुळून नवी संयुगं तयार होत होती. हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं. १९६९ मध्ये उंदरांमधल्या गाठींवर परिणाम दिसला आणि १९७८ च्या अखेरीस अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

आता मुख्य भाग. शिरेतून गेलेलं सिस्प्लॅटिन रक्तात बऱ्यापैकी शांत असतं, कारण रक्तात क्लोराइड भरपूर, लिटरला साधारण १०० मिलिमोल. एवढं क्लोराइड भोवती असताना रेणूवरचे क्लोराइड सुटून जायला बघत नाहीत. पेशीच्या आत मात्र क्लोराइड ४ ते २० मिलिमोलच्या आसपास. तिथे पोहोचल्यावर एक क्लोराइड सुटतो आणि त्याच्या जागी पाण्याचा रेणू बसतो. आता रेणूवर धन भार आला. डीएनएचा कणा ऋण भाराचा, त्यामुळे दोघं जवळ येतात. पाण्याचा रेणू प्लॅटिनम सहज सोडतं, आणि ग्वानिन या बेसच्या (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं) सातव्या क्रमांकाच्या नायट्रोजनला घट्ट धरतं.

हाच नायट्रोजन का? ग्वानिन समोरच्या पेडावरच्या सायटोसिन या बेसशी जोडी जमवतं ती दुसऱ्या बाजूने. सातवा नायट्रोजन त्या जोडीत गुंतलेला नसतो, तो सर्पिलाच्या (डीएनएचे एकमेकांभोवती पिळलेले दोन पेड) मोठ्या खाचेत उघडा पडलेला असतो. अॅडेनिनचाही तसाच, पण ग्वानिनची ओढ जास्त.

मग दुसरा क्लोराइड सुटतो आणि प्लॅटिनम त्या हाताने शेजारच्या बेसला पकडतं. सिस्प्लॅटिनच्या एकूण जोडांपैकी ६५ टक्क्यांच्या आसपास जोड एकाच पेडावरच्या लगतच्या दोन ग्वानिनमध्ये होतात, साधारण २५ टक्के लगतच्या अॅडेनिन आणि ग्वानिनमध्ये. उरलेल्यांत मध्ये एक बेस सोडून झालेले जोड, आणि अगदी थोडे समोरासमोरच्या दोन पेडांना बांधणारे.

या पकडीने डीएनए का वाकतो? डीएनएमधले बेस भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक सपाट बसलेले असतात. दोन भाकरींमधलं अंतर ३.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). चवडीतल्या लगतच्या दोन भाकरी फक्त एका कडेला चिमट्यात धरून जवळ ओढल्या, तर त्या कडेला त्या मिटतात, दुसऱ्या कडेला फाकतात, आणि वरची सगळी चवड तिरकी होते. प्लॅटिनम नेमकं हेच करतं. ओढ मोठ्या खाचेच्या बाजूला, म्हणून सर्पिल मोठ्या खाचेकडे वाकतं आणि पाठीमागची छोटी खाच रुंद, उथळ होते. शिवाय त्या जागी पीळ सुमारे १३ अंशांनी सैल पडतो.

गंमत म्हणजे त्या जागीही ग्वानिन-सायटोसिनच्या जोड्या बऱ्याच अंशी शाबूत असतात. म्हणजे मजकूर पुसला जात नाही, अक्षरं जागेवर असतात. बदलतो तो आकार. आणि पेशीतली जी यंत्रणा डीएनए वाचते, त्याची नक्कल काढते, त्याची दुरुस्ती करते, ती आकाराला फार संवेदनशील असते.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहिते.

नळस्टॉप (मंगळवार, रात्री १०:१५)

फार छान. पुढे लिहा. दुरुस्तीबद्दल विशेष वाचायला आवडेल.

बारावी_सायन्स (मंगळवार, रात्री ११:०२)

ताई, आम्हाला सहसंयोजी (कोऑर्डिनेशन) संयुगांच्या धड्यात सिस आणि ट्रान्स दोन्ही आहेत. क्लासमध्ये सरांनी सांगितलं की सिस औषध आहे आणि ट्रान्स नाही, परीक्षेला एवढं पुरे. पण का नाही ते कुठेच दिलेलं नाही. अणू तर तेच आहेत.

पाषाणवाली (बुधवार, सकाळी ७:३०)

@बारावी_सायन्स, अगदी योग्य जागी बोट ठेवलंस. वही घे आणि आकृती काढ, पायथागोरस पुरतो.

प्लॅटिनम आणि नायट्रोजन यांच्यातला बंध साधारण २ अँगस्ट्रॉम लांबीचा. सिसमध्ये सुटणारे दोन क्लोराइड शेजारी-शेजारी, म्हणजे त्यांच्यात ९० अंशांचा कोन. त्यांच्या जागी दोन ग्वानिनचे नायट्रोजन आले की काटकोन त्रिकोण तयार होतो, दोन बाजू २ आणि २, तर कर्ण २.८ अँगस्ट्रॉम. वर मी बेसमधलं अंतर ३.४ लिहिलं. म्हणजे लगतच्या दोन ग्वानिनना पकडायला त्यांना थोडं जवळ ओढावं लागतं, आणि ते शक्य आहे. त्या ओढण्यातूनच वाक येतो.

ट्रान्समध्ये सुटणारे दोन क्लोराइड समोरासमोर, कोन १८० अंशांचा. दोन नायट्रोजनमध्ये ४ अँगस्ट्रॉम अंतर, शिवाय मध्ये प्लॅटिनम सरळ रेषेत हवं. एकावर एक बसलेल्या लगतच्या दोन ग्वानिनना अशा रीतीने धरताच येत नाही. ट्रान्सही डीएनएला चिकटतं, पण एका हाताने लोंबकळत राहतं, किंवा मध्ये बेस सोडून, नाहीतर समोरच्या पेडाशी जोड करतं. सिसचे ९० टक्के जोड ज्या प्रकारचे असतात, ते ट्रान्सला जमतच नाहीत. आणि गाठीवर परिणामही होत नाही. लगतच्या बेसचा जोडच महत्त्वाचा असावा हा अंदाज संशोधकांनी बांधला तो याच फरकावरून.

तुमच्या कॉलेजात पुढे जैवतंत्रज्ञान घेतलंस तर हे जेलवर (ज्या थरातून विजेने डीएनए सरकवतात तो) डोळ्यांनी बघता येतं. प्लाझ्मिड हा जिवाणूचा गोल, पिळलेला डीएनए. सिस्प्लॅटिन वाढवत नेलं तर त्याचा पीळ उलगडत जातो आणि जेलमध्ये त्याची पट्टी मागे मागे पडत जाते. खूप वाढवलं की पीळ उलट्या दिशेला पडतो आणि पट्टी पुन्हा पुढे सरकते. अजून एक प्रयोग: बॅम-एच-वन हे एन्झाइम जिथे डीएनए कापतं त्या अक्षरांत दोन ग्वानिन लागून असतात. तिथे प्लॅटिनम बसलं की ते कापू शकत नाही.

कोथरूडचा_काका (बुधवार, सकाळी ९:१०)

मी निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर. प्रश्न सरळ आहे, वाक किती अंशांचा? तुम्ही पिळाचा आकडा दिलात, वाकाचा दिला नाहीत.

थोडं स्वतःबद्दलही सांगतो. तरुणपणी मला वृषणाचा कर्करोग झाला होता, पोटातल्या गाठींपर्यंत पसरलेला. सिस्प्लॅटिनसकट तीन औषधं मिळाली. त्यानंतर नोकरी झाली, मुलं झाली, आता नातू आहे. इतकी वर्षं मला कोणी हे समजावून सांगितलं नव्हतं की माझ्या शरीरात त्या औषधाने केलं तरी काय. तुमचा लेख रात्री दोनदा वाचला.

पाषाणवाली (बुधवार, दुपारी १:४५)

काका, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. लॅबमध्ये मोठ्याने वाचून दाखवला.

वाकाचा आकडा मुद्दाम दिला नव्हता, कारण एका आकड्यात ते मावत नाही. स्टीफन लिपर्ड यांच्या अमेरिकेतल्या गटाने १२ बेसजोड्यांचा एक तुकडा घेतला, मधल्या दोन ग्वानिनवर सिस्प्लॅटिन बसवलं आणि त्याचे स्फटिक केले. १९९५ मध्ये रचना आली. वाक ३५ ते ४० अंश. त्याच गटाने १९९८ मध्ये स्फटिक न करता, द्रावणातच एनएमआरने (चुंबकीय क्षेत्र वापरून रेणूंची रचना शोधण्याची पद्धत) पाहिलं, तेव्हा वाक निघाला ७८ अंशांच्या आसपास. जवळजवळ दुप्पट!

दोन्ही मोजमापं चोख आहेत. स्फटिकात शेजारचे रेणू एकमेकांना टेकतात आणि त्या गर्दीत डीएनएला हवं तेवढं वाकता येत नाही. त्या स्फटिकात तर तुकड्याचं एक अंग नेहमीच्या बी-रूपात होतं आणि दुसरं जरा आखूड-जाड ए-रूपाकडे झुकलेलं. द्रावणात तसा दाब नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर प्लॅटिनमने तिथे बिजागरी तयार केली आहे. ती एका बाजूलाच उघडते, पण किती उघडेल ते शेजारी कोण आहे त्यावर ठरतं. मी रोज स्फटिकांत काम करते, म्हणून मला हा फरक विशेष महत्त्वाचा वाटतो. पेशीत डीएनए मोकळा कधीच नसतो, प्रथिनांनी वेढलेला असतो.

आणि त्या प्रथिनांपैकी काही नेमकी वाकलेल्या डीएनएच्याच शोधात असतात. एचएमजीबी-१ हे केंद्रकात भरपूर असणारं प्रथिन घ्या. त्याच्या एका भागाची रचना प्लॅटिनम लागलेल्या डीएनएसकट १९९९ मध्ये आली. दोन ग्वानिन फाकून जी फट तयार होते, तिच्यात हे प्रथिन आपलं ३७ व्या क्रमांकाचं अमिनो आम्ल, फिनाइलअॅलनिन, सरकवतं आणि घट्ट बसतं. परीक्षानळीतल्या प्रयोगांत असं दिसतं की ते बसलेलं असताना दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना त्या जागी पोहोचणं अवघड जातं.

समोरासमोरच्या पेडांना बांधणारे जोड संख्येने थोडे, पण त्यांची मोडतोड अधिक. तिथे वाक उलट्या बाजूला, छोट्या खाचेकडे, सुमारे ४५ अंश. पीळ ७० अंशांहून अधिक सुटतो आणि त्या ग्वानिनचे जोडीदार सायटोसिन सर्पिलाच्या बाहेर फेकले जातात. शिवाय दोन पेड एकमेकांपासून सुटेच होऊ शकत नाहीत, आणि नक्कल काढायची तर ते सुटावेच लागतात.

जाईजुई (बुधवार, दुपारी ३:२०)

माझ्या आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. रेडिएशन रोज, आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन. औषधाची पिशवी छोटी असते पण आधी आणि नंतर सलाइन चालूच. सकाळी सिंहगड रोडवरून निघतो ते घरी यायला संध्याकाळ होते. आई म्हणते, एवढं पाणी कशाला चढवतात गं, शरीर फुगल्यासारखं वाटतं. लघवीही मोजायला लावतात. डॉक्टरांना विचारायला गेलं की बाहेर एवढी गर्दी असते की प्रश्न तोंडातच राहतो. आणि रेडिएशनबरोबरच हे औषध का देतात?

वॉर्डातली (बुधवार, रात्री ८:५०)

मी डे-केअर केमो वॉर्डात सिस्टर आहे. @जाईजुई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण आमचा अर्धा दिवस यातच जातो.

सिस्प्लॅटिन शरीराबाहेर टाकलं जातं ते मुख्यतः किडनीतून, आणि किडनीच्या नलिकांमधल्या पेशी ते आत ओढून घेतात. तिथे ते साठलं की त्या पेशी मरतात. भरपूर सलाइन दिलं, लघवी सतत वाहती ठेवली, की नलिकांमध्ये औषध पातळ राहतं आणि फार वेळ थांबत नाही. लघवी मोजायची ती एवढ्यासाठीच. चढवलेलं पाणी बाहेर पडतंय की नाही हे आम्हाला कळायला हवं. आईंना अंगावर सूज वाटली, धाप लागली, लघवी कमी झाली तर संकोच न करता सिस्टरला लगेच सांग. प्रत्येक वेळी क्रिएटिनिन बघतात तेही किडनीसाठी. या औषधाने मॅग्नेशियम लघवीतून वाहून जातं, म्हणून त्याचाही रिपोर्ट बघतात आणि बहुतेक ठिकाणी सलाइनमध्येच मॅग्नेशियम घालतात. हातापायांत गोळे येणं, फार गळून जाणं हे त्याचं लक्षण असू शकतं.

घरी अंग दुखतंय म्हणून डब्यातली कुठलीही पेनकिलर देऊ नकोस. त्यातल्या बऱ्याच किडनीवर ताण आणतात. आधी फोन करून विचार.

पाषाणवाली ताईंनी क्लोराइडचं जे लिहिलंय ते वाचून मला फार आनंद झाला. आम्हाला शिकवलेलं असतं: सिस्प्लॅटिन नॉर्मल सलाइनमध्ये मिसळायचं, ऑक्झॅलिप्लॅटिन कधीच सलाइनमध्ये नाही, ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. सिस्प्लॅटिन फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, खडे धरतात. अॅल्युमिनियमचा भाग असलेली सुई किंवा सेट वापरायचा नाही, औषध काळं पडतं. हे सगळं आम्ही काटेकोर पाळतो. आता कारण कळलं. मिठाच्या पाण्यात क्लोराइड आहे म्हणून सिस्प्लॅटिन पेशीत जाईपर्यंत टिकतं, बरोबर ना? आणि ऑक्झॅलिप्लॅटिनचं उलट का?

उलटीबद्दलही सांगते. या औषधाने त्याच दिवशी मळमळ होते, तशी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही होते. घरी दिलेल्या उलटीच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून बंद करू नका, सांगितलेले सगळे दिवस घ्या. केमोनंतर दोन दिवस संडासात दोनदा पाणी सोडा, आणि उलटी किंवा लघवी सांडली तर हातमोजे घालून पुसा.

पाषाणवाली (बुधवार, रात्री ९:३५)

सिस्टर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात उपयोगी आहे. आणि हो, तुम्ही लावलेला अर्थ बरोबर आहे.

ऑक्झॅलिप्लॅटिनमध्ये सुटणाऱ्या जागेवर क्लोराइड नाहीच, तिथे ऑक्झलेट आहे. सलाइनमधलं क्लोराइड त्या ऑक्झलेटला ढकलून स्वतः जागा घ्यायला लागतं, म्हणजे औषध बाटलीतच बदलतं. म्हणून डेक्स्ट्रोज. कार्बोप्लॅटिनमध्ये त्या जागी अजून चिवट गट आहे, तो फार हळू सुटतो. त्यामुळे कार्बोप्लॅटिन किडनीला सौम्य, पण प्लेटलेट कमी करतं. एकदा तो गट सुटला की उरलेला भाग सिस्प्लॅटिनचाच, डीएनएवर बसणारे जोडही अगदी तेच.

ऑक्झॅलिप्लॅटिन मात्र जोडाच्या पातळीवरही वेगळं. न सुटणाऱ्या बाजूला अमोनियाऐवजी कार्बनचं एक मोठं कडं आहे, आणि जोड झाल्यावर ते मोठ्या खाचेत पसरतं. स्फटिकात वाक जवळपास सिस्प्लॅटिनएवढाच, ३० अंशांच्या आसपास, पण खाच भरलेली. चुकीच्या जोड्या शोधणारी जी दुरुस्ती-प्रथिनं सिस्प्लॅटिनचा वाक ओळखतात, ती याला तितकंसं ओळखत नाहीत. २०१७ मध्ये तर असंही दिसून आलं की ऑक्झॅलिप्लॅटिन पेशी मारतं त्यात रायबोसोम (पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं) तयार होण्याच्या कामात आणलेल्या अडथळ्याचा मोठा वाटा आहे. एकाच घराण्यातली औषधं, पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगात चालतं ते ऑक्झॅलिप्लॅटिन. सिस्प्लॅटिनचा तिथे फारसा उपयोग नाही.

@जाईजुई, रेडिएशन डीएनएचे पेड तोडतं. प्लॅटिनम लागलेल्या डीएनएत ती तुटफूट सांधणं पेशीला कठीण जातं, म्हणून दोन्ही एकत्र दिली की परिणाम वाढतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन दिल्याने रुग्ण जास्त जगतात हे दाखवणाऱ्या पाच चाचण्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये एकदम आले आणि जगभर पद्धत बदलली. आईंना हे नक्की सांग. आठवड्याची ती एक बाटली रेडिएशनला हात देण्यासाठी आहे.

जाईजुई (बुधवार, रात्री १०:०५)

आईला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. ती म्हणाली, मग चढवू देत पाणी. सिस्टर, ताई, मनापासून आभार.

सराफकट्टा (गुरुवार, सकाळी ११:२५)

आमचा लक्ष्मी रोडला दागिन्यांचा व्यवसाय आहे. हल्ली साखरपुड्याला प्लॅटिनमच्या अंगठ्या बऱ्याच जातात. हा धागा गिऱ्हाइकाने दाखवला आणि विचारलं, अंगठीतलं प्लॅटिनम अंगात जातं का? उलटही विचारणारे आहेत, प्लॅटिनमचं भस्म घेतलं तर कर्करोगावर चालेल का?

पाषाणवाली (गुरुवार, दुपारी २:००)

दोन्हींचं उत्तर नाही. अंगठीतलं प्लॅटिनम धातुरूप आहे. ते घामात, साबणात विरघळत नाही आणि डीएनएपर्यंत पोहोचत नाही. निर्धास्त घाला. औषधातलं प्लॅटिनम आयनाच्या रूपात आहे आणि त्याच्याभोवती कोणते चार गट कोणत्या मांडणीत आहेत यावर सगळं अवलंबून आहे. ट्रान्सचं वर आलंच आहे. तेच अणू, मांडणी बदलली की औषध नाही. भस्मात ती मांडणी नसते. कृपा करून कोणी असं काही घेऊ नका, आणि केमो चालू असताना डॉक्टरांपासून लपवून तर काहीच घेऊ नका.

वजनाने सिस्प्लॅटिनचा ६५ टक्के भाग प्लॅटिनम असतो. ६० मिलिग्रॅम औषधात सुमारे ३९ मिलिग्रॅम.

कोथरूडचा_काका (गुरुवार, संध्याकाळी ६:१५)

मग माझ्या अंगात अजून ते असेल का? आणि एक, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. पक्ष्यांची किलबिल गेली, मोबाइलची बारीक घंटी गेली. बोलणं मात्र नीट ऐकू येतं. याचा संबंध आहे का?

पाषाणवाली (गुरुवार, रात्री ८:४०)

काका, दोन्हींचं उत्तर हो असण्याची शक्यता आहे. वृषणाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तात उपचारानंतर २० वर्षांनीही प्लॅटिनमचा सूक्ष्म अंश सापडला आहे. आणि आतल्या कानातल्या ज्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात, त्यांना सिस्प्लॅटिनची इजा सर्वांत आधी होते. त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. एकदा ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) करून घ्या आणि जुन्या उपचारांबद्दल तिथे आवर्जून सांगा. लहान मुलांसाठी यावर आता उपाय आहे. शरीरात न पसरलेल्या गाठींसाठी सिस्प्लॅटिन घेणाऱ्या मुलांची श्रवणशक्ती जपायला सोडियम थायोसल्फेटला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. सिस्प्लॅटिन दिल्यावर काही तासांनी ते देतात. त्यातलं गंधक प्लॅटिनमला धरून निष्क्रिय करतं.

तुमच्या आजाराबद्दल एक सांगायलाच हवं. वृषणाच्या गाठींमधल्या पेशी प्लॅटिनमचे जोड काढून टाकण्यात मुळातच कमकुवत असतात. आपल्या पेशींकडे न्यूक्लिओटाइड एक्सिजन रिपेअर नावाची सोय आहे. वाक ओळखायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना पेड कापायचा, २५-३० अक्षरांचा तुकडा उचलून टाकायचा आणि समोरच्या पेडावरून नवा लिहायचा. या कामाला लागणारी एक्सपीए, ईआरसीसी-१ ही प्रथिनं वृषणाच्या गाठींमध्ये कमी आढळतात. जोड तसेच राहतात, वाचणारं आणि नक्कल काढणारं यंत्र तिथे अडतं, धोक्याचा इशारा जातो आणि पेशी स्वतःला संपवते. इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये इतर दोन औषधांसोबत सिस्प्लॅटिन द्यायला सुरुवात केली. त्याआधी पसरलेला वृषणाचा कर्करोग म्हणजे जवळजवळ मृत्यू. आज त्या अवस्थेतलेही बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

निरोगी पेशींनाही हे औषध चिकटतं. फरक पुढच्या टप्प्यावर पडतो: त्या सावकाश विभागतात, त्यांना दुरुस्तीला वेळ मिळतो आणि दुरुस्तीची साधनं शाबूत असतात. आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा यांच्या पेशी भराभर विभागतात, म्हणून तिथे त्रास जाणवतो.

तुळशीबागेतली (गुरुवार, रात्री १०:३०)

सगळं आधाशासारखं वाचलं. माझ्या मावशीला अंडाशयाचा कर्करोग आहे. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल झालं, गाठी विरघळल्या, आणि वर्षभराने पुन्हा आल्या. डॉक्टर परत प्लॅटिनमच देणार म्हणतात. एकदा हरलेलं औषध पुन्हा का? आणि रक्ताची बीआरसीए तपासणी करायला सांगितली आहे. तिचा याच्याशी काय संबंध?

पाषाणवाली (शुक्रवार, सकाळी ७:१५)

दोन्ही प्रश्नांचा धागा एकच, दुरुस्ती.

दोन पेडांना बांधणारे जोड काढताना मध्येच डीएनए दोन्ही पेडांत तुटतो. ही तूट अचूक सांधायला बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही प्रथिनं लागतात. ज्यांच्यात यातलं एक जनुक जन्मतः बिघडलेलं असतं, त्यांच्या गाठीतली दुसरी प्रतही सहसा गेलेली असते. अशा गाठीला प्लॅटिनमचा घाव भरून काढता येत नाही, म्हणून या रुग्णांत प्लॅटिनम सहसा जास्त चांगलं काम करतं. पार्प अवरोधक नावाच्या गोळ्याही त्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात. तपासणी त्यासाठी.

प्लॅटिनम संपल्यानंतर सहा महिन्यांहून जास्त काळाने आजार परतला, तर गाठ अजूनही प्लॅटिनमला दाद देईल असं धरून पुन्हा तेच देण्याची पद्धत आहे. मावशींना वर्ष मिळालं, म्हणून डॉक्टर त्याच वाटेने जात आहेत. औषध हरतं ते बहुतेक पेशींनी काही बदल केल्यावर: औषध आत घेणं कमी करणं, ग्लुटाथायोनसारख्या गंधकाच्या रेणूंनी प्लॅटिनम वाटेतच अडवणं, वाकलेल्या डीएनएवरूनही नक्कल पुढे नेणारी पॉलिमरेज इटासारखी एन्झाइम वापरणं. बीआरसीए बिघडलेल्या गाठीत कधी कधी नवा बदल होऊन ते जनुक पुन्हा चालू लागतं, तेव्हा प्लॅटिनम आणि त्या गोळ्या दोन्ही निष्प्रभ होतात.

तुळशीबागेतली (शुक्रवार, सकाळी ८:०५)

जन्मतः म्हणजे मावसबहिणींनाही असू शकतं का? दोघी तिशीतल्या आहेत. आणि मावशी माझ्या आईची सख्खी बहीण.

वॉर्डातली (शुक्रवार, सकाळी ८:४०)

असू शकतं. पण आधी मावशींचा रिपोर्ट येऊ दे. त्यात दोष सापडला तर प्रत्येक मुलीकडे तो येण्याची शक्यता निम्मी, आणि मग फक्त तेवढाच दोष शोधायचा असल्याने त्यांची तपासणी सोपी होते. तुझ्या आईचीही करावी लागेल. तिच्यात नसेल तर तुझ्याकडे त्या बाजूने आलेला नाही. तपासणीआधी जेनेटिक समुपदेशकाला भेटा, मोठ्या रुग्णालयांत असतात. जाताना आजोळच्या कोणाला कोणत्या वयात कोणता कर्करोग झाला ते लिहून न्या. आजीच्या बहिणी, मामा, सगळे. पुरुषांकडूनही तो पुढे जातो.